बाहेरच्या लिंका विकत घ्याव्यात का? (हळदीच्या दुकानाची वेबसाइट, सांगली)

हळदीचं बोट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे, वडिलांनी उभं केलेलं. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं वेबसाइट काढली, पुण्या-मुंबईला कुरिअर करतो. हळकुंडं, पावडर, बेदाणा, थोडा गूळ. साइट दिसायला बरी आहे, फोटो मीच काढलेत, पण गूगलवर 'सांगली हळद' टाकलं की आमचा पत्ता नाही, चौथ्या पानावर कधीतरी दर्शन होतं. मागच्या आठवड्यात एका एजन्सीचा फोन आला. म्हणे तुमच्या साइटला बाहेरून एकही लिंक नाही म्हणून गूगल तुम्हाला धरत नाही, महिन्याला १५ हजार द्या, ५०० बॅकलिंक देतो, तीन महिन्यांत पहिलं पान, लेखी गॅरंटी. वडील म्हणाले १५ हजारांत पोती उचलायला माणूस येतो. मला दोघांचंही पटतंय. कुणी असा उद्योग केलाय का? खरंच फरक पडतो का बाहेरच्या लिंकांनी?

कृष्णाकाठ
लेखी गॅरंटी! मर्दा, गूगल स्वतःच्या मदतीच्या पानावर लिहून बसलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो त्याला आधी विचार, पहिला नंबर कुठल्या शब्दाला? तुझ्या दुकानाचं पूर्ण नाव टाकल्यावर पहिला नंबर येतोय तो फुकटच येतोय.

भडंग स्पेशल
१५ हजारांत किती किलो भडंग येतंय त्याचा हिशोब लावालोय, झाला की सांगतो.

वालचंदी
एजन्सीवाल्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे ती आधी मान्य करू. लिंका लागतात. गूगल काढणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला शिकत होते तेव्हा १९९८ ला त्यांनी जो पेपर लिहिला त्याचा पायाच हा. संशोधकाच्या पेपरला बाकीच्यांनी किती वेळा संदर्भ दिला यावरनं त्याचं वजन कळतं, तसंच वेबपानाचं. पण नुसती डोकी मोजायची नाहीत. लिंक देणाऱ्याचं स्वतःचं वजन किती हे बघायचं, आणि त्यानं आणखी किती जणांना लिंका वाटल्यात त्यानं भागायचं. सौद्यातच बघ की, जो अडत्या वर्षातनं एकदा 'हा माल सोडू नका' म्हणतो त्याच्या शब्दावर लोक पैसे लावतात, आणि जो प्रत्येक पोत्यावर हात मारून 'एक नंबर, एक नंबर' करत फिरतो त्याच्याकडं कोण वळूनही बघत नाही. त्या हिशोबात (पेजरँक म्हणतात त्याला) ०.८५ चा एक आकडा धरलेला असायचा. म्हणजे नेटवर भटकणारा माणूस १०० पैकी ८५ वेळा समोरच्या पानावरची लिंक धरून पुढं जाणार आणि १५ वेळा कंटाळून भलतीकडंच उडी मारणार. आता ज्या पानांवर कुणी फिरकतच नाही तसल्या ५०० पानांवरनं तुला लिंका आल्या तर काय होणार, जवळजवळ शून्याला ५०० नं गुणून बघ.

हळदीचं बोट
पण त्यानं यादी पाठवलीय, सगळ्या साइटचं डीए ४० च्या वर आहे म्हणतोय.

वालचंदी
डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, तो मॉझ नावाच्या कंपनीनं काढलेला स्वतःचा अंदाज. एच्रेफ्स या दुसऱ्या कंपनीचा डीआर वेगळा. गूगल यातलं काही वापरत नाही. गूगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा पूर्वी टूलबारवर हिरव्या पट्टीत दिसायचा, ० ते १०, तो लोकांना दाखवणं २०१६ ला बंद झालं. दिसत होता तोवर ६-७ वाल्या पानांवरची लिंक महिन्याच्या भाड्यानं मिळायची, होर्डिंगसारखी.

कासवाला
सातारकर बोलतोय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्या मामांचं कासच्या रस्त्याला छोटं हॉटेल, आठ खोल्या. २०११ ला मी कॉलेजातनं नुकताच बाहेर पडलेलो, साइटचं काम माझ्याकडं. तेव्हा मीही असाच एक जण गाठला, त्यानं स्वस्तात हजारभर लिंका दिल्या. कुठून? रशियन गाड्यांच्या साइटचे गेस्टबुक, कुठल्यातरी डिरेक्टऱ्या, एकच लेख शब्द फिरवून पन्नास ठिकाणी टाकलेला. आणि प्रत्येक लिंकेवर शब्द एकच, 'कास पठार हॉटेल', इंग्रजीत. गंमत म्हणजे चाललं की ओ! दोन महिन्यांत वर आलो, मामा खूश, मला बुलेट घेऊन द्यायला निघालेले.

मग २४ एप्रिल २०१२ ला गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, ते नेमकं असल्या लिंकांसाठीच होतं. आमची साइट कुठं गेली कळलंच नाही. त्याच वर्षी पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात कासचं नाव, पेपरात रोज बातम्या, सप्टेंबरात पठारावर ही गर्दी, फुलं दिसायच्या आधी गाड्याच दिसायच्या, आणि आमच्या हॉटेलचा फोन गप्प. ज्या सीझनसाठी सगळा खटाटोप केला तोच हातातनं गेला. मामांनी बुलेटचा विषय परत काढला नाही, मीही नाही.

ऑक्टोबर २०१२ ला गूगलनं डिसअव्हाऊ टूल दिलं, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये यादी करून सांगायचं की या लिंका आमच्यात धरू नका. मी बसलो हजार साइटी उघडत. निम्म्यांना मेल लिहिले, लिंक काढा म्हणून. एकानं उत्तर दिलं, काढायचे पाच डॉलर. लावायचेही पैसे, काढायचेही पैसे! बरं एवढं करून लगेच वर येता येत नव्हतं, कारण तेव्हा पेंग्विन रोज चालत नसे, मधेमधे फिरवत. २०१४ च्या ऑक्टोबरात फिरवलं, त्यानंतर एकदम सप्टेंबर २०१६. तोपर्यंत मी ती साइट सोडून नवीन डोमेन घेतलं होतं.

तर हळदीचं बोट भाऊ, पैसे घालवायचेच असतील तर पोती उचलायला माणूस ठेवा.

सातारी कंदी
@कासवाला, आरं बुलेट मिळाली का मग शेवटी?

कासवाला
नाही. स्प्लेंडर आहे.

टग्या तासगावकर
मग याचा अर्थ शेजारच्या दुकानदाराच्या साइटला मी हजार घाण लिंका मारल्या तर तो खाली जाईल? ह.घ्या. (हलकं घ्या) पण खरंच विचारतोय.

वालचंदी
पूर्वी लोकांना ही भीती होती. २०१६ पासून पेंग्विन मूळ गणितातच मिसळलंय आणि घाण लिंकेवरून साइटला शिक्षा करण्यापेक्षा ती लिंक धरतच नाहीत. आता स्पॅमब्रेन म्हणून त्यांची यंत्रणा आहे, डिसेंबर २०२२ च्या अपडेटला त्यांनी ती लिंका विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या दोन्ही साइटी ओळखायला लावली. म्हणजे तुझे हजार लिंकांचे पैसे पाण्यात आणि शेजारी मजेत. पण मॅन्युअल ॲक्शन अजून आहे हां, गूगलचा माणूस स्वतः बघून नोटीस टाकतो, सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठी गूगलचं फुकट टूल) दिसते. आणि हे फक्त छोट्यांचंच आहे असं समजू नका. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकान-साखळीचं प्रकरण छापलं होतं, ड्रेसपासून चादरींपर्यंत सगळ्यात पहिला नंबर, आणि मागं शेकडो असंबद्ध साइटींवर पेरलेल्या लिंका. बातमीनंतर गूगलनं खाली ढकललं. कंपनीचं म्हणणं, आम्हाला माहितीच नव्हतं.

कृष्णाकाठ
'आम्हाला माहितीच नव्हतं' हे तर सोसायटीच्या चेअरमनचं वाक्य आहे.

सातारी कंदी
माझा उलटा प्रश्न. माझा भटकंतीचा ब्लॉग आहे, ठोसेघर, सज्जनगड वगैरे. मी दुसऱ्यांना लिंका देतो, एसटीचं वेळापत्रक, वनखात्याचं बुकिंग, विश्वकोशातली नोंद (वाईत तयार झालाय तो, अभिमान असू द्या). एक मित्र म्हणाला बाहेर लिंक दिली की आपल्या साइटचं 'ज्यूस' (लिंकांनी आलेलं वजन) गळतं, सगळ्या नोफॉलो कर (म्हणजे गूगलनं ही लिंक धरू नये अशी खूण लाव). दुसरा म्हणतो मोठ्या साइटला लिंक दिली की आपला रँक वाढतो. दोघंही छातीठोक. कुणाचं ऐकू?

वालचंदी
कुणाचंच नको. विश्वकोशाला लिंक दिली म्हणून तू विद्वान ठरत नाहीस आणि एसटीला दिली म्हणून रिकामाही होत नाहीस. वाचणाऱ्याला उपयोग असेल तर सरळ द्यायची. नोफॉलो ही भानगड जानेवारी २००५ ला आली, ब्लॉगच्या प्रतिसादांत लोक औषधांच्या नि जुगाराच्या लिंका टाकायचे त्यावर उपाय म्हणून, गूगल, याहू, एमएसएन तिघांनी मिळून आणली. २०१९ ला त्यात आणखी दोन खुणा आल्या, पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकेला 'यूजीसी'. तेव्हापासून नोफॉलोलाही गूगल हुकूम मानत नाही, इशारा म्हणून बघतं. तुझ्या ब्लॉगवर एखादं हॉटेल पैसे देऊन लिंक लावत असेल तर तेवढी स्पॉन्सर्ड कर, बाकीच्या जशा आहेत तशा राहू देत.

हरिपूरकरीण
@सातारी कंदी, वर्षातनं एकदा तुमच्या जुन्या लिंका दाबून बघत जा मात्र. सरकारी साइटी पत्ते बदलतात, आणि कधीकधी जुनं डोमेन सुटतं ते भलताच कोणी उचलतो. माझ्या शाळेसाठी केलेल्या पानावर पर्यावरणाची एक छान साइट होती, मागच्या वर्षी बघते तर तिथं रमी. मुलांना गृहपाठाला दिलेलं पान हो ते!

टग्या तासगावकर
मुलांनी गृहपाठ वेळेत केला असणार त्या वर्षी.

मिरजेची तार
थोडं आमच्याकडचं सांगते. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम, सासऱ्यांच्या आधीपासून घरात. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा बऱ्याच बातम्या आल्या, पण त्यातनं आमच्या साइटला लिंक एकही नाही. बातमीत नाव येतं, लिंक येत नाही, हे आधी मनात धरा.

आम्हाला लिंका आल्या त्या एका पानामुळं. मिस्टरांनी जवारी कशी काढतात त्यावर लिहिलं, म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती) वरचा भाग कानस लावून असा घासायचा की तार नुसती वाजून थांबत नाही, गुणगुणत राहते. कुठं जास्त घासलं की आवाज मरतो, उलटं कसं सावरायचं, फोटो टाकले, दोन छोट्या क्लिप टाकल्या. विकायचा शब्द त्या पानावर नाही. सहा महिने कुणी बघितलं नाही. मग परदेशात सतार शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर लिंक दिली, तिथनं दुसऱ्यानं उचलली, अशी करत दहा-बारा झाली असतील. एजन्सीच्या भाषेत दहा-बारा म्हणजे काहीच नाही. पण त्या लिंकेवरून माणसं खरोखर येतात, आणि 'दुरुस्तीला पाठवू का' म्हणून मेल येतात. हळदीत असं काय आहे जे तुम्हालाच माहितीय? ते लिहा.

भडंग स्पेशल
हिशोब झाला, पण ताईंचं वाचून लाज वाटाली, टाकत नाही.

माझं जरा वेगळं मत आहे, राग मानू नका. माझ्याकडं साइट आहे ती नुसती नावाला, लिंका शून्य. मला गिऱ्हाईक मॅपवरनं येतं. गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरलं, दुकानाचं नाव, पत्ता, फोन सगळीकडं एकसारखं केलं (आधी एका ठिकाणी 'रोड', एका ठिकाणी 'पेठ', एका ठिकाणी माझ्या मेव्हण्याचा नंबर), फोटो टाकले, गिऱ्हाइकाला म्हणतो दोन ओळी लिहा. गणपती मंदिराला आलेला माणूस तिथंच उभा राहून 'भडंग' शोधतो, त्याला मी दिसतो. त्याला बॅकलिंकचं काय घेणं?

वालचंदी
बरोबर आहे, पण तुझं गिऱ्हाईक तिथं उभं आहे. मॅपवर गूगल तीन गोष्टी बघतं, शोधतोय त्याला जुळतं का, अंतर किती, आणि नाव किती झालंय. अंतरात तू जिंकतोस. धागाकर्त्याचं गिऱ्हाईक ठाण्यात बसून हळद शोधतंय, त्याला आयर्विन पुलापासनं तुझं दुकान किती पावलांवर आहे याचा काय उपयोग?

टग्या तासगावकर
माझ्या डोक्यात एक सोपी आयडिया. आपण इथं बेदाणा, हळद, भडंग, सतार, हॉटेल सगळे जमलोय. सगळ्यांनी एकमेकांना लिंका द्यायच्या. मी तुला, तू ताईंना, ताई मामांच्या हॉटेलला.

मिरजेची तार
सतारीच्या पानावर भडंग? जवारीला चुरमुरा चिकटेल हो.

वालचंदी
नुसत्या लिंकेसाठीच देवाणघेवाण जास्त झाली की स्पॅम धरतात. दोन ओळखीच्या दुकानांनी एकमेकांचं नाव दिलं तर काही बिघडत नाही, टग्याचा बेदाणा हळदवाला विकत असेल तर 'हा इथनं येतो' म्हणून लिंक आलीच पाहिजे. आणि फुकट हळदीचा पुडा पाठवून ब्लॉगरकडनं लिंक मागणं, तेही नियमात बसत नाही बरं का, त्यांनी स्पॉन्सर्डची खूण केली तरच.

विकिमावशी
कुणीतरी 'विकिपीडियावर हळदीच्या लेखात लिंक टाक' असा सल्ला द्यायच्या आत मीच येते. टाकू नका. एक तर इंग्रजी विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंका २००७ पासून नोफॉलो आहेत. दुसरं, आम्ही काढून टाकतो आणि काढताना मनातल्या मनात बोलतो.

कृष्णाकाठ
मी तोच सल्ला लिहित होतो. डिलीट केला.

हरिपूरकरीण
@हळदीचं बोट, मिरजेच्या ताईंनी विचारलं ना, तुमच्याकडं काय आहे ते. अहो पेवं आहेत की!

बाहेरच्यांसाठी सांगते. आमचं हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर, सांगलीला लागून. इथं हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे. वरनं तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल, आणि आत फुगत गेलेलं, रांजणासारखं. आत बाजूनं पाचट लावायचे, हळद भरली की तोंड मातीनं बंद. इथल्या मातीत पाणी झिरपत नसे, म्हणून किडीशिवाय वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, रंग उलट उजळायचा असं आजोबा म्हणायचे. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा वाईट. आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. माझे वडील लहानपणी उतरलेत, त्यांना अजून तो वास आठवतो, म्हणतात अंगाला आठ दिवस पिवळी झळ राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बऱ्याच पेवांचा निकाल लागला. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मिळालं, पण पेव काय असतं ते सांगलीतल्याच पोरांना माहीत नाही. तुम्ही नीट लिहा, वडील फोटोला उभे राहतील, मी त्यांना टोपी घालायला लावते.

भडंग स्पेशल
माझ्या आज्जाचं पण होतं ओ एक! बुजवून त्यावर आता मोटरसायकलचं गॅरेज आहे.

कासवाला
हे वाचून मीच लिंक देईन राव. माझ्या ब्लॉगवर 'सांगलीत काय बघाल' असं पान आहे, त्यात गणपती मंदिर आणि आयर्विन पूल सोडून तिसरं काही सुचत नव्हतं.

सातारी कंदी
वाखू (वाचनखूण) साठवली. धाग्याचा विषय लिंकांवरून पेवात उतरला, कंदील सोडून बघा कुणीतरी.

हळदीचं बोट
मंडळी, चार महिन्यांनी धागा वर काढतोय, काय झालं ते सांगतो.

एजन्सीला नाही म्हटलं. (दर महिन्याला अजून फोन येतो, आता १५ चे ८ हजार झालेत.) हरिपूरला तीन रविवार गेलो, काकांनी टोपी घातली, एक पेव तोंडापर्यंत साफ करून दाखवलं. मोठं पान लिहिलं, पेव कसं खणायचे, हळद शिजवून वाळवून पॉलिश कशी करतात, राजापुरी हळद कशी ओळखायची, सौदा कसा होतो. ज्या गोष्टी माझ्या डोक्यातल्या नाहीत तिथं जीआय रजिस्ट्रीची लिंक दिली.

लिंका आल्या सहा. कासवाला भाऊंची एक, ती ओळखीची म्हणून अर्धीच धरा. शेतकी कॉलेजातल्या पोरांच्या प्रोजेक्टची एक, अमेरिकेतल्या एका मराठी ताईंच्या रेसिपीच्या ब्लॉगची एक, दोन युट्यूबच्या खालच्या वर्णनातल्या, एक कुठल्या भाषेतली साइट आहे कळत नाही. सर्च कन्सोलमध्ये 'पेव म्हणजे काय' ला आम्ही पहिले. पण ते शोधणारे हळद घेत नाहीत, निबंध लिहितात. 'सांगली हळद' ला चौथ्या पानावरनं दुसऱ्याच्या वरच्या भागात आलोय. ऑर्डर वाढल्या का? थोड्या. वडील म्हणतात सणामुळं असतील, आणि मला खात्रीनं नाही म्हणता येत नाही.

एक अडचण आहे. अमेरिकेतल्या ताईंनी सगळ्यात छान लिहिलंय पण लिंकेत शेवटचं अक्षर राहिलंय, दाबलं की 'पान सापडत नाही' येतं. मेल केला, दोन आठवडे उत्तर नाही. सारखं विचारणं बरं दिसत नाही. ही लिंक वायाच गेली का?

वालचंदी
वाया कशाला? त्या चुकीच्या पत्त्यावर तू तुझ्याकडनं ३०१ रीडायरेक्ट लाव, बरोबर पानाकडं. ताईंना काही करायला नको. आणि सर्च कन्सोलमध्ये 'सापडलं नाही' च्या यादीत अजून असे पत्ते आहेत का बघ.

हळदीचं बोट
लावलं. उघडतंय! यादीत आणखी एक मिळाला, बेदाण्याच्या पानाचा, पण तो कुणी दिलाय कळत नाही. तोही वळवला.

टग्या तासगावकर
बेदाण्याचा मीच दिलेला. गडबडीत टाइप केलेला, सांगायचं राहिलं.